सिंथने म्हणे पंक मऊ केलं!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांवर अख्खं पान दिलंत. मराठी पेपरात असं पान येतं म्हणजे आनंदच आहे, मी ते कात्रण करून दुकानात लावलंय सुद्धा. पण त्यात एक वाक्य आहे ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. लेखक म्हणतात की सत्तरच्या दशकाच्या शेवटी गिटारवालं पंक, म्हणजे ते दोन-तीन कॉर्डचं रागीट, खडबडीत संगीत, दमलं, मग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, आले आणि सगळं मऊ, गुळगुळीत, नाचण्याजोगं झालं. आणि पुढे असंही की ज्यांना धड वाजवता येत नव्हतं त्यांची मशीनने सोय केली. साहेब, हे म्हणजे मिरचीने भाजी गोड झाली म्हणण्यासारखं आहे. सिंथ आल्यावर पहिली तीन-चार वर्षं जे काही झालं ते गिटारपेक्षा कितीतरी जास्त कर्कश होतं आणि ते मुद्दाम, जाणूनबुजून, कष्टाने कर्कश केलेलं होतं. मऊपणा नंतर आला, तो का आला तेही सांगतो, पण आधी मी कोण ते सांगतो नाहीतर म्हणाल हा कोण उपटसुंभ.

मी डोंबिवलीत बत्तीस वर्षं कीबोर्ड, ऑक्टोपॅड, अँप्लिफायर दुरुस्त करतोय. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्टीवाले, भजनी मंडळाचं मिक्सर, शाळेतले कॅसिओ, गल्फमधून कोणीतरी आणलेले आणि इथे ११० व्होल्टचं २३० ला लावून जाळलेले कीबोर्ड, सगळं टेबलावर येऊन गेलंय. संगीत मी शिकलेलो नाही. मला कुठला राग विचारू नका, पण आवाज कुठून फाटतोय ते मी न उघडता सांगतो, स्पीकरचा कोन फाटलाय की कंडेन्सर सुकलाय की पॉटचा ट्रॅक गेलाय. पोट भरायचं साधनच ते आहे.

तर २००६ च्या पावसाळ्यात एक पंचविशीतला मुलगा एक काळी पेटी घेऊन आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रिक्षातून. चोरबाजारात मिळाली म्हणाला. कॉर्ग एमएस-२०. १९७८ साली जपानमधून निघालेला सिंथ, ३७ पट्ट्यांचा, उभा, वर नॉबच नॉब आणि उजव्या बाजूला जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासारखी भोकंच भोकं, त्यात वायरी खुपसायच्या. मी तोपर्यंत असला प्रकार फोटोत पण बघितला नव्हता. तक्रार काय तर एक ऑसिलेटर, म्हणजे आतला सूर काढणारा भाग, बोलत नाही आणि सप्लायमध्ये हम आहे आणि पीक लिहिलेला नॉब फिरवला की खर्र खर्र करतो. उघडला, सप्लायचे कंडेन्सर पार गेलेले होते ते बदलले, एक सोल्डर सुटलेली होती ती मारली, ऑसिलेटर बोलायला लागला. मग चेक करायला एक पट्टी दाबून धरली आणि सवयीने तो पीकचा नॉब हळूहळू वर नेला. आधी आवाज जरा नाकातून आल्यासारखा झाला, मग शिट्टी आली, मग एकदम असा किंचाळला की मी हात काढून घेतला. आणि गंमत म्हणजे हात पट्टीवरून काढल्यावर खाली फिल्टर गुरगुरतच होता कुठेतरी. आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आतून बायको ओरडली, “अहो, मिक्सर जळला का?”

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी म्हटलं बाबा ह्याचा फिल्टर बिघडलाय बहुतेक, किंचाळतोय. तो हसायला लागला. म्हणाला काका तो बिघडलेला नाहीये, तो त्याच्यासाठीच घेतलाय. मग त्याने एक वायर घेतली, हेडफोनच्या भोकातनं काढून बाहेरचा आवाज आत घ्यायचं जे भोक असतं त्यात घातली, म्हणजे मशीनचा आवाज मशीनलाच परत पाजला, आणि म्हणाला आता बघा. ट्यूबलाइटचा चोक, लोकलचा ब्रेक आणि भांडणारी मांजरं एकत्र केलीत तर साधारण तसा आवाज. मी आयुष्यभर हेच काढून टाकायचे पैसे घेतोय साहेब. हम, फीडबॅक, खरखर. आणि हा मुलगा ते घालायचे पैसे देतोय! जाताना त्याने मला एक सीडी दिली, स्वतः भरलेली, वर मार्करने लिहिलेलं ‘काकांसाठी’. तिथून मला हे वेड लागलं आणि म्हणून हे पत्र.

आता तुमच्या लेखकांना एक साधी गोष्ट सांगतो जी कात्रणात कुठेच नाहीये. त्या वेळचे स्वस्त सिंथ एका वेळी एकच सूर काढायचे. तीन पट्ट्या दाबा, एकच वाजणार. म्हणजे मागे मऊ कॉर्ड धरून ठेवणं, जे आपल्या सिनेमाच्या गाण्यात व्हायोलिन करतात, ते त्यातून होतच नाही. एकच सूर, तोही आरीसारख्या दातेरी लहरीचा, त्यात वरचे सगळे हार्मोनिक ठासून भरलेले. त्याला तुम्ही फिल्टरने घासून बोथट करू शकता किंवा अजून धार लावू शकता. शिवाय रिंग मॉड्युलेटर नावाची सोय असायची, ती दोन आवाज एकमेकांत गुणते आणि बाहेर त्यांची बेरीज आणि वजाबाकी येते, म्हणजे ३०० आणि ४४० हर्ट्झचे सूर घातले तर ७४० आणि १४०, ह्यांचं मूळ सुरांशी काही नातं नाही, म्हणून कानाला ते सूर न वाटता पत्रा वाजल्यासारखं वाटतं. आणि मेमरी नाही. आज लावलेला आवाज उद्या तस्साच लागेल ह्याची गॅरंटी नाही, नॉबच्या जागा कागदावर लिहून ठेवायच्या, तरी गरमीत ट्यूनिंग सरकणार. असलं यंत्र हातात आल्यावर मऊ वाजवणं हेच अवघड होतं खरं तर.

मग हे कोणी घेतलं हातात? तुमच्या पानावर सगळे लंडनचे स्टार आहेत, केस फुगवलेले. शेफील्डचं नाव एकदा आलंय, तेही चुकून. आणि खरी गोष्ट तर शेफील्डचीच आहे. उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं गाव, चाकू-कात्र्यांचं गाव. तिथे १९७३ मध्ये तीन पोरं एकत्र आली, ख्रिस वॉटसन, रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर. नाव घेतलं कॅबरे व्होल्टेर, झुरिकमध्ये १९१६ साली दादावाल्या, म्हणजे मुद्दाम कलेची मोडतोड करणाऱ्या, कलाकारांचा जो क्लब होता त्याच्यावरून. ह्यातला वॉटसन टेलिफोन इंजिनिअर होता बरं का, म्हणजे आपल्याच जातीचा, वायरी सोलणारा. त्याच्या घराच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर मांडून हे तिघं आवाज करायचे. टेपचे तुकडे कापून गोल चिकटवायचे म्हणजे तेच तेच फिरत राहतं, त्यात सिंथ, त्यात क्लॅरिनेट. बँड होण्याचा विचारच नव्हता, पंक हा शब्द तेव्हा इंग्लंडात कोणी बोलत पण नव्हतं.

पहिला कार्यक्रम मे १९७५ मध्ये, शेफील्डच्या युनिव्हर्सिटीत. आता ऐका. ड्रमर नव्हता, तर ठेक्यासाठी ह्यांनी काय लावलं, स्टीम हॅमरचा आवाज टेपवर घेऊन तो लूप करून लावला. वाफेचा घण! ज्या गावाचं पोट त्या घणावर चालायचं, तोच तालाला. कर्क रबरी जॅकेट घालून, त्याला दिव्यांची माळ लावून क्लॅरिनेट वाजवतोय. लोक आले होते नाचायला. मग लोकांनी काय केलं असेल, स्टेजवर चढून मारामारी केली, आणि मॅलिंडरच्या पाठीच्या हाडाचा टवका उडाला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. ह्याला जर तुमचे लेखक मऊ म्हणत असतील तर त्यांच्या घरी कापूस कशाचा बनतो ते मला बघायचंय.

मला ही गोष्ट का एवढी लागली सांगतो. माझे वडील ठाण्याच्या एका कारखान्यात हॅमरवर होते, सव्वीस वर्षं. नाव लिहीत नाही, कारखाना आता नाहीये, तिथे टॉवर आहेत. त्यांना शेवटी शेवटी डाव्या कानाने काही ऐकू यायचं नाही. मुलाने दिलेल्या सीडीवर कॅबरे व्होल्टेरचं १९७९ चं नॅग नॅग नॅग होतं, रफ ट्रेड कंपनीने काढलेलं, ड्रम मशीन आणि त्यावर घासलेला, भाजलेला आवाज आणि मॅलिंडरचा गळा पण मशीनमधून काढून वाट लावलेला. मी जरा मोठ्याने लावलं होतं. वडील बाहेरच्या खाटेवर पडलेले, त्यांनी विचारलं कुठली शिफ्ट चालू आहे रे? मी म्हटलं गाणं आहे बाबा. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले ठोका लेट येतोय. बस्, एवढंच. आवडलं की नाही सांगितलं नाही. पण बंद कर म्हणाले नाहीत, आणि लता सोडून दुसरं काही लावलं की ते बंद करच म्हणायचे.

तर असो. त्याच शेफील्डमध्ये ह्युमन लीग. तुमच्या पानावर त्यांचा मोठा फोटो आहे १९८१ चा, लिपस्टिकवाला. ते ठीक आहे. पण हा ग्रुप सुरू झाला १९७७ मध्ये, मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघं कॉम्प्युटर ऑपरेटर होते, म्हणजे दिवसा मशीन सांभाळायचे आणि पगारातून सिंथ घेतले, कॉर्ग ७००एस आणि रोलँडचा सिस्टिम १००. गाणारा फिलिप ओकी हॉस्पिटलात पोर्टर होता, स्ट्रेचर ढकलणारा. जून १९७८ मध्ये ह्यांची पहिली रेकॉर्ड आली एडिंबराच्या फास्ट प्रॉडक्ट कंपनीकडून, बीइंग बॉइल्ड. एक बंद पडलेला कारखाना होता तिथे घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेली. गिटार नाही, ड्रम नाही, खाली एक जाड, ओला, चिखलातून बूट ओढल्यासारखा सिंथ आणि वर ओकी पुजाऱ्यासारखा एका सुरात. विषय काय तर रेशमाचे किडे उकळून मारतात तो! आणि त्यात बुद्धाचं नाव. ओकीने नंतर स्वतःच कबूल केलंय की तेव्हा त्याला बौद्ध आणि हिंदू ह्यातला फरक कळत नव्हता, सगळी खिचडी झाली. आपल्याकडचा एकच धागा ह्या सगळ्यात, आणि तोही गोंधळातून आलेला. पण हे गाणं एकदा रात्री हेडफोनवर ऐका म्हणावं तुमच्या लेखकांना आणि मग मऊ हा शब्द लिहा.

आणि हे होतं कधी, तर पोलादाचं काम सुटत चाललं होतं तेव्हा. जानेवारी १९८० मध्ये अख्ख्या ब्रिटनच्या पोलाद कामगारांचा संप झाला, तीन महिने चालला, त्यानंतर शेफील्डच्या भट्ट्या एकेक करून गेल्या. मग रिकामे कारखाने स्वस्तात मिळायला लागले प्रॅक्टिसला. कॅबरे व्होल्टेरने त्याच्या आधीच १९७८ मध्ये वेस्टर्न वर्क्स नावाच्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ केला होता, त्यामुळे कोणाकडे तासाचे पैसे द्यायला जायची गरज नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्याच्या स्टुडिओत तुम्ही मीटर लाल होईपर्यंत आवाज चढवलात की इंजिनिअर हात पुढे करून फेडर खाली ओढतो. मी स्वतः ओढलेला आहे, कितीदा. स्वतःच्या जागेत कोण ओढणार?

इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट घुसडतो, राहवत नाही. लंडनमध्ये हॅकनीत थ्रॉबिंग ग्रिसल नावाचे चौघं होते, ते तर सगळ्यात पुढचे, १९७६ मध्ये स्वतःची कंपनी काढली इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, आणि आज जो इंडस्ट्रियल म्युझिक हा शब्द आहे तो तिथून आला. त्यांचा ख्रिस कार्टर, तो घरी सर्किट बनवायचा. त्यांचा जो प्रसिद्ध आवाज, सगळं थरथरतंय, घशात खडी अडकलीये असा, तो ज्या डबीतून यायचा ती ग्रिसलायझर. आणि ती डबी कुठून आली? प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या मासिकात १९७५ मध्ये गिटारच्या इफेक्टचं एक सर्किट छापून आलं होतं, रॉय ग्विन नावाच्या माणसाचं, ते बघून कार्टरने सोल्डर मारून बनवली. साहेब, आम्ही पण इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू मधली सर्किटं बघून लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून हेच केलंय, कोणी दाराची बेल केली, कोणी एफएम ट्रान्समीटर, मी टाकी भरली की वाजणारा अलार्म केला आणि तो रात्री दोनला आपोआप वाजायचा. फक्त आम्ही तो अलार्म नीट करत बसलो, त्या पोरांनी त्याची रेकॉर्ड काढली. वाजवता येत नव्हतं म्हणून मशीनने सोय केली असं जे वाक्य आहे ना, त्याला माझं हे उत्तर. मशीनने कसली सोय केली, मशीन आधी बनवावं लागत होतं! हाताला चटके बसून.

बरं वाजवता न येणं हे ते लोक लपवत पण नव्हते. पंकने सांगितलं तीन कॉर्ड शिका आणि बँड काढा. डॅनियल मिलर म्हणून लंडनचा फिल्म एडिटिंग करणारा माणूस, त्याला वाटलं तीन तरी कशाला, सिंथला एक बोट पुरतं. त्याने एक सेकंडहँड कॉर्ग ७००एस घेतला आणि चार ट्रॅकचा टीअॅकचा टेपरेकॉर्डर, आणि आईच्या घरी बसून दोन गाणी केली, १९७८ मध्ये द नॉर्मल ह्या नावाने काढली, म्यूट रेकॉर्ड्स ही कंपनी त्या एका रेकॉर्डसाठी निघाली. त्यातलं वॉर्म लेदरेट, मोटार अपघाताबद्दल, बॅलार्ड नावाच्या लेखकाच्या कादंबरीवरून सुचलेलं, त्यात सिंथ असा वाजतो की कोणीतरी पत्र्यावर चाबूक ओढतोय, आणि गाणारा असा बोलतोय जसं काही आरटीओचा फॉर्म वाचतोय. आणि हे बघा, पुढे ह्याच मिलरने डिपेश मोड ह्या ग्रुपला पुढे आणलं, जे तुमच्या पानावर मऊच्या यादीत एक नंबरवर आहेत. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं. तेव्हा सिंथवर कशाला खापर फोडायचं.

न्यूयॉर्कवाले राहिलेच. हे तर इंग्लंडच्याही आधीचे. अॅलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह, दोघंच, ग्रुपचं नाव सुइसाइड, १९७० पासून. पंक हा शब्द त्यांनी आपल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर तेव्हाच छापला होता. पहिली रेकॉर्ड मात्र १९७७ च्या शेवटी. रेव्हकडे सुरुवातीला सिंथ म्हणावा असा सिंथ पण नव्हता, फारफिसा ऑर्गन, तो इफेक्टच्या डब्यांमधून फिरवून फिरवून पार रानटी करून टाकलेला, आणि ठेक्याला सीबर्ग कंपनीचं रिदम प्रिन्स, जे घरगुती ऑर्गनला साथ करायला, म्हणजे पार्टीत वॉल्ट्झ नि चा-चा-चा वाजवायला बनवलेलं. आपल्याकडे लग्नात एकटा माणूस कीबोर्डवर रिदम लावून गातो ना, तेच सामान. त्याच सामानातून ह्यांनी त्या रेकॉर्डवर दहा मिनिटांचं एक गाणं केलं, कारखान्यातल्या एका वीस वर्षांच्या पोराचं, ज्याला राबूनही घर चालवता येत नाही आणि मग तो घरच्यांना आणि स्वतःला संपवतो. मशीन पूर्ण वेळ तेच टकटकटक करत राहतं, त्याला काही पडलेलीच नाही, आणि व्हेगा मधूनच असा किंचाळतो की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन उरलेलं ऐकलं. दुसऱ्यांदा अजून ऐकलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ते यंत्र बदलत नाही, थांबत नाही, वर माणूस तुटतोय, हे गिटार-ड्रमवाल्या बँडला जमलंच नसतं कारण ड्रमर माणूस आहे, त्याला दया येते, तो गाणाऱ्याबरोबर वर-खाली जातो. रिदम प्रिन्सला येत नाही. तिथे मशीन हेच पात्र आहे.

हे दोघं १६ जून १९७८ ला ब्रसेल्समध्ये एल्विस कॉस्टेलो ह्या गिटारवाल्या गायकाच्या आधी वाजवायला उभे राहिले. गिटार नाही बघून लोक आधी हुर्यो करायला लागले, मग कॉस्टेलो कॉस्टेलो ओरडायला लागले, मग कोणीतरी व्हेगाच्या हातातला माईकच पळवला. तेवीस मिनिटांत कार्यक्रम आटोपला. कॉस्टेलो भडकला, त्याने पण थोडंच वाजवलं, मग दंगा झाला, पोलीस आले. हे सगळं कॅसेटवर टेप झालं आणि त्यांनी त्याचीच रेकॉर्ड काढली! शिव्यांसकट. आम्ही गणपतीत लाईट गेली तरी मंडळाला तोंड लपवत फिरतो.

जर्मनीचं थोडक्यात सांगतो कारण पत्र लांबलंय. ड्युसेलडोर्फमध्ये डाफ, म्हणजे जर्मन-अमेरिकन मैत्री असं काहीतरी नाव, शेवटी दोघंच उरले. रॉबर्ट गोर्ल ड्रम वाजवायचा आणि सिक्वेन्सरला, म्हणजे तेच तेच सूर आपोआप वाजवणाऱ्या डबीला, जोडलेला सिंथ सोडून द्यायचा, गाबी डेलगाडो गायचा, मूळचा स्पेनचा, आईवडील कामासाठी जर्मनीत आलेले त्यांचं पोर. त्यांचा १९८१ चा आलेस इस्ट गूट हा अल्बम ऐका, कॉनी प्लांकने रेकॉर्ड केलेला. त्यातला मुख्य सिंथ कुठला, तर तोच एमएस-२०. मी ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी टेबलाकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. ओहायोमध्ये क्लीव्हलंडला पेरे उबू म्हणून बँड, त्यांच्या अॅलन रॅव्हनस्टाइनकडे तर असा सिंथ होता ज्याला पट्ट्याच नव्हत्या, नुसते नॉब. सूर वाजवायचा प्रश्नच मिटला, तो गाण्यातून वारा, शिट्ट्या, वाफ सोडायचा.

मग मऊ कधी झालं? झालं, नाही कुठे म्हणतोय. १९८० च्या शेवटी ह्युमन लीग फुटली, वेअर आणि मार्श बाहेर पडले, ओकीने नवी माणसं घेतली, १९८१ मध्ये डेअर नावाचा अल्बम आला आणि त्यातलं एक गाणं ख्रिसमसला ब्रिटनमध्ये एक नंबरला. चांगली रेकॉर्ड आहे, मी पण ऐकतो, बायकोला पण चालते. पण तोपर्यंत सामान बदललं होतं, चार-चार सूर एकदम काढणारे सिंथ, खऱ्या ड्रमचे आवाज भरलेलं लिन ड्रम, नावाजलेला प्रोड्युसर, कंपनीचा पैसा. आणि १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. तो आला आणि आमचं पण जग बदललं, त्याचा तो काचेसारखा पियानो मुंबईतल्या सिनेमाच्या गाण्यांत पण शिरला. सोळा सूर एकदम, बत्तीस आवाज मेमरीत, बटण दाबा की तोच आवाज, डोंबिवलीत तोच, टोकियोत तोच. नॉब जवळपास गेलेच, एक सरकपट्टी आणि बटणं. डीएक्स-७ ला चुकीचं वाजवणं अवघड आहे. म्हणजे दोष द्यायचाच तर मेमरीला द्या, पैशाला द्या. सिंथ शब्दाखाली हे सगळं एका पोत्यात भरू नका. त्यात भर म्हणून शेवटी तुम्ही चरणजित सिंगना पण त्याच पोत्यात कोंबलंय. त्यांची १९८२ ची डिस्कोच्या ठेक्यावर रागांची रेकॉर्ड भारीच आहे, पण ते मुंबईच्या स्टुडिओतले कसलेले वादक, सुरात पक्के. त्यांचा ह्या भांडणाशी काय संबंध? दोघांचा अपमान झाला.

आणि ज्या वॉटसनचं मी वर लिहिलं, टेलिफोनवाला, त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या वाचकांना नक्की आवडेल, म्हणून सांगतो. १९८१ मध्ये तो बँड सोडून टीव्ही कंपनीत साउंडला लागला, आणि आज तो जंगलातले आवाज टेप करणारा जगातला एक मोठा माणूस आहे. अॅटनबरोच्या बीबीसीच्या प्राण्यांच्या मालिकांना त्याने आवाज घेतलेत. मेलेल्या झेब्र्याच्या सांगाड्यात माईक लपवून गिधाडं त्याला फाडतात तो आवाज त्याने आतून टेप केलाय. मी ऐकलाय तो. ओला, चामडी, चरचरणारा, आणि तुम्हाला सांगतो, शेफील्डच्या त्या माळ्यावरच्या टेपांपेक्षा फार वेगळा नाहीये. कान तोच ना. कर्क २०२१ मध्ये गेला, व्हेगा २०१६ मध्ये, गाबी २०२० मध्ये. एकाही मराठी पेपरात दोन ओळी मला तरी दिसल्या नाहीत.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी एका चौकटीत दुरुस्ती द्या, जास्त नको, शंभर शब्द. आणि ह्युमन लीगच्या खाली फोटोत जो सिंथ म्हणून छापलाय तो सिंथ नसून घरगुती ऑर्गन आहे, खाली पायाने दाबायच्या पट्ट्या दिसतायत नीट बघितलं तर. लेखक महाशयांना दुकानात पाठवलंत तर चहा पाजून दोन्ही उघडून दाखवीन.

आता तो मुलगा. एमएस-२० न्यायला आला तेव्हा मी बिल केलं, कंडेन्सर, सोल्डरिंग, मजुरी. वर म्हटलं पीकच्या पॉटचा ट्रॅक झिजलाय, खरखर राहिलीये, क्लीनर मारून बघितला नाही अजून, दहा मिनिटं थांब. त्याने नॉब फिरवला, खर्र झालं, परत फिरवला, परत खर्र. म्हणाला, “काका, एवढं राहू द्या.” मी ते बिलातून कापलं नाही, कारण बिलात घातलंच नव्हतं.

आपला,
एक कीबोर्ड रिपेअरवाला, डोंबिवली पूर्व
(नाव छापू नका, बेंजोवाले चिडवतील)